मुलाला घरापासून दूर ठेवण्याचा आदेश आला तर?

तंजावरला कधी गेलात, तर बृहदीश्वराचं दर्शन झाल्यावर शिवगंगा बागेतल्या जुन्या चर्चमध्येही डोकावून या. तिथे संगमरवराचं एक शिल्प आहे. एक वृद्ध जर्मन पाद्री मरणशय्येवर आहे आणि एका मराठा राजाने त्याचा हात हातात घेतला आहे. पाद्री म्हणजे श्वार्ट्झ आणि राजा म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपल्याला ठाऊक असलेले दुसरे सरफोजी भोसले.

या शिल्पामागे घरापासून दूर नेलेल्या एका मुलाची गोष्ट आहे.

तंजावरचा दत्तक मुलगा

१७८७ साली तुळजाजी राजांनी सरफोजींना दत्तक घेतलं, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी तुळजाजी वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलाची काळजी श्वार्ट्झवर सोपवली होती. पण तुळजाजींचे सावत्रभाऊ अमरसिंह गादीवर बसले आणि दत्तकविधान बेकायदा ठरवलं गेलं. मुलाला कोंडून ठेवलं जातं, त्याला शिकवलं जात नाही, अशा तक्रारी श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे त्यांचं शिक्षण झालं. पुढे दत्तकविधान वैध ठरलं आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याआधी काही महिने वारले होते.

मुलगा वाचला, शिकला, घरी परतला. पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे ज्यांनी मुलाला संरक्षण दिलं, त्यांचाच पुढे फायदा झाला. शिवाय या कहाणीत राजा, काका, पाद्री, पंडित, कंपनी असे सगळे बोलतात. जन्मदाते आईवडील मात्र कुठे फारसे दिसत नाहीत.

मुलाला घरातून हलवणं कधी कधी गरजेचंच असतं. पण ते कुणी ठरवायचं, किती दिवसांसाठी, आणि आईवडिलांचं म्हणणं कुणी ऐकायचं? या प्रश्नांची उत्तरं आज कायद्यात लिहिलेली आहेत. ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतात.

आज कोण ठरवतं?

तंजावर असो की सातारा, देशभर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला असावीच लागते.

मग सामाजिक कार्यकर्ता किंवा बाल संरक्षण अधिकारी कुटुंबाची चौकशी करतो. ही चौकशी १५ दिवसांत व्हायला हवी, आणि मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुलाचं म्हणणं ऐकलं जाणं हा त्याचा हक्क आहे.

कायद्याची दोन तत्त्वं लक्षात ठेवा. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे. आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. बालगृहाचं मुख्य उद्दिष्टच मुलाला पुन्हा कुटुंबात पोहोचवणं हे आहे. तमिळनाडूतल्या अनाथालयांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी आणखी एक गोष्ट बजावली. संस्थेतल्या प्रत्येक मुलासाठी वेगळी संगोपन योजना असली पाहिजे.

गरिबी हा गुन्हा नाही

नवरा वारलाय, आई दिवसभर धुणीभांडी करते, मूल शाळेऐवजी रस्त्यावर दिसतं. अशा घराला आधी मदत मिळायला हवी. ‘मिशन वात्सल्य’मध्ये पात्र मुलाला कुटुंबात राहूनच वाढता यावं म्हणून दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात बाल संगोपन योजनाही आहे. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा.

काही वेळा खचलेली आई स्वतःच मूल समितीकडे सोपवते. तिलाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिला हे नक्की सांगा.

मात्र घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल, तर मुलाची सुरक्षितताच आधी. आईवडिलांचा हक्क म्हणजे मुलावरची मालकी नव्हे. असं काही दिसलं तर १०९८ वर फोन करायला कचरू नका.

आदेश हातात आला तर

सगळ्यात आधी आदेशाची प्रत मागा आणि तारीख पाहा. समितीच्या बहुतेक आदेशांविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रत्येक तारखेला हजर राहा. लसीकरणाचं कार्ड, शाळेचं प्रगतिपुस्तक, कामाचा पुरावा सोबत न्या. मुलाला सांभाळू शकणारी आजी, मावशी, काका असतील तर त्यांना पुढे आणा. मुलाला भेटण्याची परवानगी लेखी मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि रागाच्या भरात मुलाला घेऊन पळून जाऊ नका. तेच पुढे तुमच्याविरुद्ध जातं.

परदेशात राहत असाल तर तिथले नियम आधीच समजून घ्या. नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं ताब्यात घेतली गेली होती. ती आईकडे परत यायला २०१३ उजाडलं.

पुन्हा तंजावर

राजा झाल्यावर, १८०१ साली, सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. आपल्या छत्रांमध्ये परक्या वाटसरूंच्या अनाथ मुलांना शिक्षकांच्या हवाली केलं जातं, असं त्यात आहे. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, औषधं मिळतात, ठरलेल्या दिवशी तेलाने न्हाऊ घातलं जातं, आवडेल ती विद्या शिकवली जाते, आणि पुढे लग्नाचा खर्चही छत्रच करतं.

अंगाला तेल लावायचं हेसुद्धा त्यांना पत्रात लिहावंसं वाटलं. घरापासून दूर वाढलेल्या माणसाला कदाचित ते आठवणारच. तुमच्या आसपासचं एखादं मूल आज बालगृहात असेल, तर त्याचं कुटुंब पुन्हा उभं राहायला तुम्ही काय करू शकता, हे एकदा विचारून पाहा.