रिंगणातला किताब, रानातली कसोटी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडहून दक्षिणेला निघालेली मीटरगेज गाडी डाबका, धूळघाट करत मेळघाटात शिरायची. ब्रॉडगेज करताना हा मार्ग व्याघ्र प्रकल्प टाळून तुकईथडवरूनच खकनार, जामोद, सोनाळ्याकडे वळवायचे ठरले. वाघासाठी जिथे रेल्वेला वळसा घ्यावा लागतो, त्या मुलखात शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धांचा विषय काढणे अनेकांना गैर वाटेल. तरी तो काढायला हवा, कारण प्रश्न शिकारीचा नाही, किताबाचा आहे. ज्या गुणाला बक्षीस मिळते त्या गुणाची पैदास होते. रूपाला किताब दिला तर रूप टिकते, कामाला दिला तर काम टिकते. आपण देशी शिकारी कुत्र्यांचे कौतुक करतो ते जवळजवळ सगळे रूपाचे. त्यांच्या कामाची कसोटी एकाही रानजीवाला धक्का न लावता घेता येते आणि ती घेतलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ज्याला किताब तेच टिकते, याचा नीट नोंदलेला पुरावा पॉइंटर आणि सेटर या कुत्र्यांचा. ही कुत्री पाखराच्या मागे धावत नाहीत. वाऱ्याला तोंड देऊन ती शेत आडवेतिडवे पिंजतात आणि वास लागताच जागीच थिजतात. मान पुढे ताणलेली, शेपूट ताठ, पुष्कळदा पुढचा एक पाय उचललेला. गवतात दबलेले तितर कुत्र्यालाही दिसत नसते. केवळ नाकाच्या भरवशावर तो सांगत असतो की ते इथेच आहे. मालक येईपर्यंत हलायचे नाही, पाखरू फडफडत उडाले तरी मागे झेपावायचे नाही, आणि जोडीदाराने रोख धरलेला दिसला की त्याचा मान राखून आपणही थांबायचे. ही शिस्त आणि हे नाक तपासणारी पहिली नोंदलेली फील्ड ट्रायल १८ एप्रिल १८६५ रोजी इंग्लंडमधील साउथहिल इथे झाली. अमेरिकेत पहिली १८७४ मध्ये मेम्फिसला झाली, आणि १८९६ पासून तिथे राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा भरू लागली. टेनेसीतल्या एम्स प्लँटेशनवर या अजिंक्यपदासाठी कुत्र्याला तीन तासांची फेरी पुरी करावी लागते आणि पंच घोड्यावरून मागोमाग फिरतात. पहिल्या अर्ध्या तासात पुष्कळ कुत्री चमकतात. तिसऱ्या तासाला दम, नाक आणि शिस्त ही तिन्ही शाबूत राहणारा कुत्रा विरळा, आणि पैदास करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

मात्र साउथहिलच्या सहा वर्षे आधी, १८५९ मध्ये, न्यूकॅसलला पहिला श्वान-शो भरला होता, आणि तोही फक्त पॉइंटर व सेटर यांचाच होता. म्हणजे त्याच कुत्र्यांना दोन वेगळ्या तराजूंत तोलणे सुरू झाले. पुढे काय झाले ते इंग्लिश सेटरमध्ये धडधडीत दिसते. शोचा सेटर भारी अंगाचा, लांब रेशमी झालरीचा. रानातला हलका, चपळ, आखूड केसांचा. कागदावर जात एक, पण शेजारी उभे केले तर अनोळखी माणूस त्यांना एक म्हणणार नाही. ब्रिटिश केनेल क्लबला ही फारकत कळली, म्हणून पॉइंटर-सेटर ज्यात येतात त्या गनडॉग गटातल्या कुत्र्याला नुसत्या रिंगणातल्या यशावर ‘शो चॅम्पियन’ एवढेच म्हणतात. पुरा ‘चॅम्पियन’ व्हायला कामाची पात्रता लागते. जर्मनांनी तर गाठ आणखी घट्ट बांधली. तिथल्या कुर्ट्सहार, म्हणजे आखूड केसांच्या पॉइंटर कुत्र्याला पैदाशीची मान्यता मिळण्याआधी बांध्याबरोबर कामाचीही परीक्षा द्यावी लागते. म्हणूनच ती जात आजही दिसायला देखणी आणि रानात उपयोगी अशी दोन्ही आहे.

आता आपल्याकडे पाहू. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’त सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, राजाच्या करमणुकीत गणला आहे. तुकईथडच्या जिल्ह्याच्या गावी, बुऱ्हाणपुरात, तापीपलीकडचा आहूखाना हे मोगलांचे हरणांचे शिकारउद्यान होते. अशा लांब परंपरेतून दख्खनच्या माळरानावरचा कारवानी, म्हणजेच मुधोळचा कुत्रा, आपल्या हाती आला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला नाव मिळवून दिले, २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, सैन्यानेही त्याची चाचणी घेतली. हा नाकाने रोख धरणारा कुत्रा नव्हे. डोळ्याने हेरून वेगाने गाठणारा आहे. त्यामुळे त्याची परीक्षा पॉइंटरसारखी होणार नाही. पण त्याचा ‘चॅम्पियन’ ठरतो तो रिंगणातल्या चॅलेंज सर्टिफिकेटांवर. तिथे बांधा, दात आणि दुडकी चाल तपासली जाते. सुसाट धावताना घेतलेले वळण आणि दुसऱ्या धावेला उरलेला दम तिथे कोण पाहणार?

पहिला आक्षेप कायद्याचा आहे आणि तो पूर्ण रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्यामागे कुत्रे लावणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. म्हणून ‘मारत नाही, नुसते पळवतो’ ही सशामागे कुत्री सोडणाऱ्यांची सबब टिकत नाही. युरोपात वसंतातल्या ट्रायलमध्ये पाखरू न मारता नुसता पोकळ बार काढतात, पण तीही पद्धत इथे आणू नये. विणीच्या दिवसांत तितरांना उठवणे आपल्या रानाला परवडणारे नाही.

पण १९७२ याच वर्षी अमेरिकेत साइटहाउंड, म्हणजे डोळ्याने हेरून धावणाऱ्या कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धांची संघटना उभी राहिली, आणि तिने जिवंत सशाला पर्याय रूढ केला. मैदानात जमिनीलगत कप्प्या ठोकायच्या, त्यांतून दोर नागमोडी ओवायचा, दोराला प्लास्टिकची पांढरी पिशवी बांधायची आणि यंत्राने ओढायची. कुत्रा तिच्यामागे सुटतो, पिशवी कप्पीवर झटकन वळते, आणि वळणावर त्याचा खरा कस लागतो. पंच वेग, चपळाई, दम, उमेद आणि लक्ष्यावरची नजर यांचे गुण देतात. प्लास्टिकमागे धावणे म्हणजे शिकार नव्हे, असे जुने शौकीन म्हणतील. खरे आहे, सशाची बुद्धी पिशवीला नसते. तरी पाच गुणांची ही परीक्षा नुसत्या दुडक्या चालीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. शिवाय कामाची परीक्षा आपल्याला परकी नाही: अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात श्वानपथके माग काढण्यात आणि स्फोटके हुंगण्यात पदके मिळवतात, आणि २००८ पासून वन्यजीव तस्करी पकडण्यासाठी कुत्री तयार केली जात आहेत. तिथे बांध्याला गुण नसतात.

दुसरी भीती जुगाराची आणि हालांची. ती खोटी नाही. म्हणून धावा मोजक्या, पशुवैद्य मैदानावर, उन्हाच्या वेळी बंदी आणि पैजेला थारा नाही, या अटी आधी हव्यात. आणि जागा जंगलापासून दूर हवी. २०१८ मध्ये गीरमध्ये डिस्टेंपरच्या साथीत सिंह दगावले. हा रोग कुत्र्यांत सर्रास आढळतो. त्यामुळे तुकईथडच्या जंगलकडेला असे मैदान मला मान्य नाही. ते सोलापूर-लातूरच्या गावाजवळच्या मोकळ्या माळावर, लसीचा दाखला पाहूनच भरावे. केनेल क्लब ऑफ इंडियाने आणि महाराष्ट्र-कर्नाटकच्या पशुसंवर्धन खात्यांनी एवढे ठरवावे: कारवानी कुत्र्याला पुरा ‘चॅम्पियन’ म्हणण्याआधी त्याने अशी एक धाव पुरी केलेली असावी, आणि ज्याच्या मालकाने त्याला रानातल्या सशावर सोडले असेल त्याचा किताब कायमचा काढून घ्यावा.