आधी गळती, मग रंग
(लेखमाला : घराचे आरोग्य, लेखांक ५)

एसीखालच्या भिंतीवर काळपट ठिपके दिसले की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो भिंत घासतो, पुट्टी भरतो, बुरशीरोधक रंगाचे दोन हात देतो. आणि वर्षभरात तिथेच पोपडे सुटून ठिपके पुन्हा उमटतात. मागच्या लेखात आपण गच्चीतून झिरपणारे पाणी पाहिले. एसीचे पाणी मात्र घरातच तयार होते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. धूळ, कागद, प्लायवूड हे त्यांचे खाद्यही प्रत्येक घरात असते. या दोन्हींवर आपला फारसा ताबा नाही; ताबा आहे तो पाण्यावर. म्हणून उपायाची सुरुवात गळतीपासूनच व्हायला हवी.

हे पाणी किती असते? पावसाळ्यात मुंबईची हवा ३० अंश तापमानाची आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर साधारण २६ अंशांहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. एसीची कॉइल त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे दीड टनाचा एसी अशा हवेत तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतो. ते ट्रेमध्ये जमून ड्रेन पाइपने बाहेर पडायला हवे. पाइपला ढाळ नसेल किंवा आत धूळ-शेवाळाचा बुळबुळीत थर साचला असेल, तर ट्रे तुडुंब भरून पाणी मागच्या भिंतीत उतरते. फिल्टर तुंबला किंवा गॅस कमी झाला, तर कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर वितळून ट्रेबाहेर सांडतो. सर्वांत फसवे कारण म्हणजे तांब्याच्या नळीवरचे फाटलेले फोमचे आवरण. ट्रे आणि पाइप धड असतात, पण उघड्या नळीला घाम सुटून भिंत आतून भिजत राहते.

यावर कोणी म्हणेल, कोकणपट्टीत पावसाळ्यात बुरशी धरतेच, त्याला एसी काय करणार? यात तथ्य आहे, पण दोन्हींतला फरक ओळखता येतो. कपाटातले कपडे, चामड्याच्या चपला, बाहेरच्या भिंतींचे कोपरे असे सगळीकडे पांढुरके थर दिसले, तर दोष दमट हवेचा. डाग युनिटच्या मागे, खाली किंवा नळीच्या रेषेतच असेल आणि पाऊस नसताना एप्रिल-मे महिन्यांतही वाढत असेल, तर दोष एसीचा. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला ट्रेमध्ये हळूहळू पाणी ओतायला सांगावे. ते बाहेर मोकळे वाहते की तुंबते, हे लगेच कळते.

दुसरा आक्षेप ब्लीचचा. ब्लीचने डाग फिका पडतो, हे खरे. पण पुट्टी, जिप्सम, प्लायवूड यांसारख्या सच्छिद्र वस्तूंत बुरशी आतवर गेलेली असते, आणि मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणूनच अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ब्लीचला नेहमीचा उपाय मानत नाही; बुरशी काढून टाकणे आणि जागा कोरडी करणे यावर तिचा भर आहे. अ‍ॅसिडयुक्त टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून तो प्रयोग कधीही करू नये. डाग सुमारे १० चौरस फुटांहून लहान असेल, तर मास्क आणि हातमोजे घालून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने तो घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर जाणकाराला बोलवावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत ओल आणि बुरशीचा संबंध दमा व श्वसनाच्या तक्रारींशी जोडला आहे.

भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत कोरडी केली, तर बुरशी बहुधा धरतच नाही. त्यामुळे गळती दिसली की त्याच दिवशी एसी बंद करणे, पंखा लावणे आणि मेकॅनिकला बोलावणे हेच सर्वांत स्वस्त पडते. रंगाऱ्याला बोलवायचे ते भिंत पूर्ण सुकल्यावरच. पुढच्या लेखात न्हाणीघरातली ओल आणि एक्झॉस्ट पंखा यांचा विचार करू.