गोणपाटाआडचे रणगाडे

ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे त्या घरी लढाईची बातमी जीव मुठीत धरून ऐकतात. पण ती बातमी तिथे जाऊन पाहणारे कोण असते? अशाच एका बाईची ही हकिगत.

क्लेअर हॉलिंगवर्थ या इंग्लंडच्या. जन्म १९११ चा. ऑगस्ट १९३९ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाने त्यांना पोलंडला धाडले. नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता. जर्मनीची सीमा बंद होती, वकिलातीच्या गाड्या तेवढ्या जात. बाईंनी कातोवित्से शहरातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याची मोटार मागून घेतली आणि थेट जर्मनीत शिरल्या. परतताना रस्त्याच्या कडेने गोणपाटाचे लांबच लांब पडदे बांधलेले दिसले. तेवढ्यात वारा आला, पडदा उडाला, आणि खाली दरीत रणगाड्यांच्या रांगाच रांगा!

२९ ऑगस्टला बातमी छापून आली: पोलंडच्या सीमेवर हजार रणगाडे सज्ज. १ सप्टेंबरच्या पहाटे जर्मनीने हल्ला केला. बाईंनी लगेच वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी फोनच खिडकीबाहेर धरला. लढाईचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला! दुसरे महायुद्ध सुरू झाले होते.

त्या वेळी बाईंचे वय अवघे २७. पुढे त्यांनी अल्जीरिया आणि व्हिएतनामच्या लढायाही जवळून पाहिल्या. २०१७ मध्ये हाँगकाँगला त्या वारल्या, तेव्हा वय होते १०५.

यातून आपण काय घ्यायचे? लढाईच्या दिवसांत बातमीच्या आधी अफवा गावात पोचते. आता तर ती हातातल्या फोनवरच येते. जुनीच चित्रे आजची म्हणून फिरतात, आणि सैनिकाच्या घरी विनाकारण चूल पेटत नाही. बाजारात बैल घेताना तुम्ही दात पाहता, चालवून पाहता, मगच पैसे मोजता. बातमीचेही तसेच करा. हे कोणी पाहिले, कुठे आणि केव्हा, एवढे विचारा. उत्तर मिळेना तर ती पुढे धाडू नका. शेजारच्या माउलीची झोप त्यावर अवलंबून आहे.