श्वानाच्या डोळ्यांतील पाणी आटते तेव्हा

श्वानाच्या डोळ्यांच्या कडांना दाट, पिवळसर-हिरवट चिपडे येऊ लागली की बहुतेक घरांत निदान ठरलेले असते : डोळे आले आहेत, चार दिवसांत जातील. कोमट पाण्याचा बोळा फिरवला जातो, कुणी गुलाबजल सुचवतो, आणि पुसल्यावर डोळा तासभर स्वच्छ दिसतो म्हणून सर्वांचे समाधान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या पुन्हा चिकटलेल्या. डोळ्यातून सतत काही येत आहे, म्हणजे तो ओला आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलट असते. डोळ्यातील पाणी आटलेले असते, आणि ते आटले म्हणूनच चिकट स्राव वाढलेला असतो.

अश्रूंच्या पातळ थरात तेलकट अंश, पाणी आणि बुळबुळीत श्लेष्म अशी तीन द्रव्ये असतात. श्वानाच्या डोळ्यात पाणी पुरवणाऱ्या ग्रंथी दोन. एक डोळ्याच्या वरच्या बाजूस, दुसरी नाकाकडील कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीत. बहुसंख्य श्वानांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटते आणि त्यांना हळूहळू निकामी करते. पाणी घटले की श्लेष्म तेवढे उरते. त्यावर जंतू वाढतात, बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर रक्तवाहिन्या चढतात, तपकिरी-काळे रंगद्रव्य पसरते, आणि ज्याला आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो ती अवस्था येते. उपचार न झाल्यास दृष्टी जाते. मुके जनावर वेदना सांगत नाही; ते फक्त डोळे किलकिले करते, पंजाने चोळते, उजेड टाळते.

अवसरी बुद्रुक आणि मंचरच्या परिसरात घरादाराच्या व वखारीच्या राखणीला पूर्वीपासून गावठी कुत्रीच. आता पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली मुले दिवाळीला येतात ती पग, शिह त्झू किंवा ल्हासा अप्सो घेऊन, आणि पुढे बदली-परदेशाच्या निमित्ताने त्यांतील एखादे आजी-आजोबांकडेच राहते. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग झळकला आणि ही जात घरोघरी पोहोचली. या तिन्ही जाती, तसेच कॉकर स्पॅनियल आणि बुलडॉग, कोरड्या डोळ्यांच्या विकारास विशेष बळी पडतात. पगचे डोळे तर बाहेर आलेले; झोपेतही पापण्या पूर्ण मिटत नाहीत. त्यात कांद्याच्या मोसमातील पातीचा चुरा आणि दुकानातील पिठाची धूळ. धुळीमुळे हा रोग होत नाही, परंतु कोरड्या डोळ्यास ती फार जाचते.

कारणे आणखीही आहेत. डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगात ग्रंथींना इजा होते. म्हणून पिल्लाची लस चुकवू नये. सल्फा वर्गातील औषधांनीही काही श्वानांचे अश्रू घटतात. जुलाबासाठी वा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी असे औषध दिले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तिसऱ्या पापणीतील ग्रंथी लाल गोळ्यासारखी बाहेर आली तर ती कापून टाकण्याचा आग्रह धरू नये; ती जागेवर बसवून शिवता येते. एकाच डोळ्यास त्रास असून त्याच बाजूची नाकपुडीही कोरडी पडली असेल, तर दोष मज्जातंतूचा असू शकतो आणि उपचार निराळा असतो.

निदान मात्र सोपे आहे आणि ते मोजून होते, हे आयुष्यभर आकडे तपासलेल्या माझ्यासारख्यास फार आवडले. जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ साली माणसांसाठी काढलेली ही चाचणी. शोषकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवून ती किती भिजली ते पाहायचे. १५ मिलिमीटर वा अधिक भिजली तर डोळा निरोगी, १० च्या खाली गेली तर शंका पक्की, ५ च्या आत विकार तीव्र. ही चाचणी दुसरे कोणतेही थेंब घालण्यापूर्वी झाली पाहिजे, म्हणून जाताना डोळ्यात औषध घालून नेऊ नये. गावाकडील दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी येतात. ही पट्टी तेथे असतेच असे नाही. आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. पुण्यात लहान प्राण्यांचे दवाखाने पुष्कळ आहेत, आणि शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मुख्य औषध सायक्लोस्पोरिन. नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीतून ते मिळाले. अमेरिकेत १९८३ मध्ये अवयवरोपणासाठी, १९९५ मध्ये श्वानांच्या डोळ्यांसाठी आणि २००२ मध्ये माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी त्यास मान्यता मिळाली. म्हणजे या कामी श्वान आपल्या पुढे होता! ते प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवते आणि ग्रंथीस पुन्हा पाणी निर्माण करू देते. त्याने भागले नाही तर टॅक्रोलिमस देतात. दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने घालायचे असते. आपल्या घरांत सकाळची नवकारसी आणि सायंकाळचा चौविहार या वेळा ठरलेल्या असतात, त्यांनाच जोडले तर विसर पडत नाही. प्रथम ओल्या कापसाने चिपडे काढावीत, मग कृत्रिम अश्रूंचे थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम, आणि शेवटी आपले हात धुवावेत. काही मलमांत लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन असते. ज्यांना ते वर्ज्य वाटते त्यांनी वनस्पती-तेलातील थेंब मिळतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

या औषधाचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात आणि येथेच घोटाळा होतो. परिचयातील एका किराणा व्यापाऱ्यांकडील पगचा आकडा ४ होता. दोन महिन्यांत तो १३ वर आला. डोळे चमकू लागले, तेव्हा घरच्यांनी ट्यूब बंद केली. महिन्याभरात चिपडे परतली. औषध रोग मुळापासून काढत नाही, तो दाबून ठेवते. म्हणून बहुतेक श्वानांना ते आयुष्यभर लागते. हा मासिक खर्च घरखर्चात धरूनच चालावे. प्रत्येक तपासणीचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवला तर औषध लागू पडते आहे की नाही, हे वाद न घालता कळते. औषधांनी मुळीच भागले नाही, तर लाळेची नलिका डोळ्याकडे वळवण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती अखेरचा मार्ग.

एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगावी. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली घरात असते, आणि ‘डोळ्याचेच तर औषध’ म्हणून ती श्वानास घातली जाते. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. कोरड्या डोळ्यावर व्रण लवकर पडतो आणि व्रणावर स्टेरॉइड गेले तर बुबुळास भोक पडण्यापर्यंत वेळ येते. डोळा अचानक घट्ट मिटून घेतला, निळसर-पांढरा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यात्रेला आठ-दहा दिवस बाहेर जाताना श्वानाच्या जेवणाची व्यवस्था आपण शेजारी लावतोच. त्या पिशवीत ट्यूबही ठेवावी, वेळा चिठ्ठीवर लिहाव्यात, आणि निघण्यापूर्वी शेजाऱ्यांकडून एकदा आपल्यासमोर औषध घालवून घ्यावे.