रोजची भाकरी आणि देवाची कृपा

“काय, कसं काय चाललंय?” असे कोणी विचारले, की आपण सहज म्हणून जातो, “देवाच्या कृपेने ठीक आहे!” पगार वेळेवर हातात पडतो, डब्यात तांदूळ असतो, नळाला पाणी येते, तेव्हा हे म्हणायला काहीच पडत नाही. पण डबा रिकामा असतानाही हेच वाक्य तितक्याच सहजपणे म्हणता येईल का?

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगी नावाचे गाव आहे. आपल्या एकादशीच्या ताटातली भगर आणि भाजीतला आमचूर ज्या डोंगराळ मुलखातून येतो, त्यांपैकीच हा एक. उन्हाळ्यात इथे कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळत घालतात. अशा वेळी अवकाळी सर आली की झाला सगळ्या कष्टांचा नास! पुढे मृग लागला की तोच पाऊस हवाहवासा होतो; तो आला नाही तर उतारावरची भगर उगवत नाही. माणसाने हात चालवायचे आणि बाकीचे वरच्यावर सोपवायचे, हा इथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

आणि तो वरचाच रुसला तर? १८९९-१९०० साली तेच झाले. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून ‘छप्पन्या’ म्हटला जाणारा तो दुष्काळ खानदेशावर आणि शेजारच्या गुजरातवर कोसळला. डोंगरातल्या भिल्लांचे तर अतोनात हाल झाले. त्या वेळी गुजरातेतल्या उपाशी, निराधार मुलींना आणण्यासाठी आपली माणसे पाठवणारी एक बाई पुण्याजवळ केडगावला राहत होती. तिच्या पदरी आधीच शेकडो मुली होत्या आणि तिजोरीत कायम उत्पन्नाची हमी नव्हती. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हिंडे. देवावरच्या भरवशात काडीइतकीही कसर नव्हती. पण १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. जवळचे होते नव्हते ते संपले, रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना रमाबाईंनी एक गोष्ट अगदी मोकळेपणाने कबूल केली आहे. भीक मागायची लाज वाटे, अंगमेहनतीचे काम कमीपणाचे वाटे, आणि पोटापुरते मिळवण्याचा कोणताही धंदा हातांना येत नव्हता!

वाचकहो, ही कबुली ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली तिच्यात आहे.

१८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपत आली, तसा पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यातच १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगची धामधूम चाललेली, म्हणून त्या मुलींना केडगावच्या माळावर न्यावे लागले. तिथे ‘मुक्ती’ उभे राहिले.

त्याआधी रमाबाईंच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले होते. या गृहस्थाने इंग्लंडात ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुले वाढवली. पण कोणाही माणसापाशी पैसे मागितले नाहीत. गरज पडली की प्रार्थना करायची, एवढाच नेम. रमाबाईंच्या मनात आले, असा भरवसा हिंदुस्थानात का ठेवता येऊ नये? त्यांनी तो ठेवला. १९०० च्या सुमारास मुक्तीत जवळजवळ दोन हजार माणसे जेवत होती.

शंकेखोर माणूस विचारील, “मुक्तीचे पत्रक तर निघत होते. ते वाचूनच लोक पैसे पाठवीत असतील. यात देवाची कृपा ती कोणती?” शंका रास्त आहे. पण देणाऱ्याच्या मनात देण्याची इच्छा उपजणे, यालाच तर ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो. शिवाय पुढच्या महिन्याची खात्री नसताना आज दाराशी आलेल्या मुलीला आत घेणे, हे कोणत्याही पत्रकाने साधत नाही.

आता त्या किल्लीकडे वळू. रमाबाईंनी प्रार्थनेवर भार टाकला, पण एकाही मुलीचे हात रिकामे ठेवले नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, फळबाग लावली. मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुली ब्रेल वाचू लागल्या, वेताच्या वस्तू विणू लागल्या. उपासमारीत ज्या हातांना काहीच करता आले नव्हते, त्या सोळा वर्षांच्या मुलीचे दुःख रमाबाई विसरल्या नव्हत्या. भरवसा आईवडिलांचाही होता आणि लेकीचाही होता. लेकीने त्याला कष्टांची जोड दिली.

ही जोड नसली की भार कुठे पडतो, ते लक्ष्मीबाई टिळकांना विचारावे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. मोठे भक्त, मोठे कवी, पण हातातला पैसा कोणाला देऊन टाकतील याचा नेम नसे! देणारा देतो आणि मोकळा होतो. चुलीपाशी बसलेल्या बाईला मात्र रात्रीच्या भाताचा विचार करावा लागतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण कृपेवर चालणाऱ्या घरातही कोणाला तरी पीठ मळावे लागते, हे त्या हसता हसता सांगून जातात.

ख्रिस्ती घरांतून रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत भाकरी मागितली आहे ती फक्त आजची. महिन्याचा किराणा तिच्यात नाही. आणि ‘मला’ नाही, ‘आम्हांला’ मागितली आहे. म्हणजे शेजाऱ्याचा वाटाही तिच्यात आला. उद्याची धास्ती थोडी सैल झाली, की आजच्या भाकरीतली अर्धी मोडून देण्याचे बळ येते. केडगावच्या माळावर हेच घडले.

या दिवाळीत फराळाचे डबे भरताना आपणही म्हणू, “देवाच्या कृपेने सगळे आहे.” तेव्हा त्यातला एखादा डबा ज्यांच्या घरी काही नाही त्यांच्याकडे पोचवला, तर त्यांच्याही तोंडी तेच वाक्य येईल.