टेसोरो कॉम्पाद्रे

टेसोरो कॉम्पाद्रे हा अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टेसोरो इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बनवलेला, हौशी शोधकांसाठीचा हातात धरून वापरायचा धातुशोधक (मेटल डिटेक्टर) आहे. कंपनीच्या उत्पादनांपैकी हा सर्वांत साधा आणि स्वस्त नमुना होता. पडदा नाही, आकडे नाहीत, एकच चक्री आणि एकच आवाज, अशा रचनेमुळे तो प्रामुख्याने नवशिक्यांचे यंत्र समजला गेला. मात्र दीर्घकाळ वापरणाऱ्या अनेक शोधकांनी, विशेषतः कचऱ्याने भरलेल्या जागी, त्याची उपयुक्तता मान्य केली. २०१८ मध्ये कंपनी बंद झाल्यानंतर हे यंत्र फक्त जुन्या बाजारात मिळते.

नाव

'टेसोरो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ खजिना. कंपनीने आपल्या अनेक यंत्रांना स्पॅनिश नावे दिली. त्यांत बॅन्दिदो (दरोडेखोर), वाकेरो (गुराखी), लोबो (लांडगा) इत्यादींचा समावेश होतो. 'कॉम्पाद्रे' हा शब्द मुळात मुलाचे वडील आणि त्याचा धर्मपिता यांच्यातील नात्याचा वाचक असून रूढ वापरात त्याचा अर्थ सोबती किंवा जिवलग मित्र असा होतो.

पार्श्वभूमी

टेसोरो ही कौटुंबिक कंपनी जॅक गिफर्ड या अभियंत्याने १९८० मध्ये स्थापन केली. पुढे प्रेस्कॉट या गावातून तिचा कारभार चाले. हलके वजन, अ‍ॅनालॉग विद्युत मंडले आणि मूळ खरेदीदारास दिलेली आजीवन हमी ही तिची वैशिष्ट्ये होती. इतर उत्पादक मायक्रोप्रोसेसर, अंकीय पडदे आणि धातूगणिक वेगवेगळे आवाज यांकडे वळत असताना टेसोरोने आपल्या बहुतेक यंत्रांत जुनीच पद्धत कायम ठेवली. त्यामुळे तिची यंत्रे जाहिरातींत व तुलनात्मक तक्त्यांत मागे पडलेली दिसत.

कार्यतत्त्व

कॉम्पाद्रे हा अतिनीच वारंवारता (व्हीएलएफ) प्रकारचा धातुशोधक असून त्याची वारंवारता सुमारे १२ किलोहर्ट्झ आहे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. प्रेषक वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो व त्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म प्रवाह (आवर्त प्रवाह) उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र ग्राहक वेटोळे टिपते.

परत येणारा हा संकेत मूळ संकेताच्या किंचित मागे पडतो. हे मागे पडणे, म्हणजेच कलांतर, धातूची विद्युत संवाहकता, वस्तूची जाडी आणि आकार यांवर अवलंबून असते. लोखंडी खिळा, अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, अमेरिकेचे ५ सेंटचे नाणे, शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी, जस्ताचे १ सेंटचे नाणे आणि चांदीचे नाणे यांचा ढोबळ क्रम असा लागतो. यंत्राची एकमेव चक्री याच क्रमावर काम करते. ती जितकी पुढे फिरवावी, तितक्या खालच्या क्रमातील वस्तू यंत्र गाळून टाकते आणि त्यांच्यावर गप्प राहते. यंत्र चालू व बंद करण्याचे कामही हीच चक्री करते.

रचना

यंत्राचे वजन सुमारे १ किलोग्रॅम असून ते ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालते. तबकडी गोल व समकेंद्री वेटोळ्यांची असते. पावणेसहा इंच व्यासाची लहान तबकडी सर्वाधिक परिचित असून मोठ्या तबकड्यांसहही हे यंत्र विकले जाई. तबकडीची तार यंत्राला कायमची जोडलेली असल्याने ती बदलता येत नाही. जमिनीतील खनिजांचा परिणाम वजा करणारे भूसंतुलन कारखान्यातच निश्चित केलेले असते. शोध घेताना यंत्र पूर्णपणे शांत असते. ग्राह्य धातू आढळला तरच ते वाजते. संकेत मिळण्यासाठी तबकडी सतत हलती ठेवावी लागते.

वापरकर्त्यांचे अनुभव

हौशी शोधक या यंत्राचा सर्वांत मोठा गुण म्हणून त्याचा झटपट प्रतिसाद सांगतात. एका वस्तूचा संकेत संपून दुसरीचा सुरू होण्यास त्याला फार थोडा वेळ लागतो. जुन्या घरांच्या पायाजवळ किंवा उद्यानांत खिळे आणि नाणी शेजारी-शेजारी पडलेली असतात. अशा जागी मंद यंत्र खिळा गाळताना त्यालगतचे नाणेही गाळते. लहान तबकडीखाली एका वेळी कमी वस्तू येतात आणि झटपट प्रतिसादामुळे त्या वेगळ्या ऐकू येतात. महागड्या यंत्रांनी पिंजून काढलेल्या जागी या यंत्राने नाणी मिळवून दिल्याचे अनुभव याच कारणाने समजण्यासारखे आहेत.

दुसरा अनुभव चक्रीच्या वापराचा आहे. अनुभवी शोधक ती एका जागी ठेवून देत नाहीत. कमी गाळणीवर संकेत मिळाला, की त्याच जागेवर तबकडी फिरवत ते चक्री हळूहळू पुढे नेतात आणि आवाज कोणत्या ठिकाणी तुटतो ते पाहतात. त्यावरून वस्तू कोणत्या गटातील आहे याचा अंदाज येतो. पडद्यावरील आकड्याचे काम येथे हाताचे बोट आणि कान करतात. हे कौशल्य सरावानेच येते.

तिसरा मुद्दा सोन्याचा आहे. सोन्याच्या बहुसंख्य अंगठ्यांचे कलांतर वर्ख ते डब्याची कडी या पट्ट्यातच पडते. कड्यांचा त्रास टाळण्यासाठी चक्री पुढे नेणारा शोधक त्याबरोबर सोनेही गमावतो. म्हणून मुलांच्या खेळाच्या मैदानांत दागिने शोधणारे गाळणी जवळजवळ खिळ्यांपुरतीच ठेवतात आणि कचरा उकरण्याचे कष्ट स्वीकारतात. हा नियम कॉम्पाद्रेपुरता मर्यादित नाही. कोणत्याही व्हीएलएफ यंत्रास तो लागू पडतो.

मर्यादा

लहान तबकडीमुळे यंत्राची खोली कमी पडते आणि मोठे शेत धुंडाळण्यास फार वेळ लागतो. भूसंतुलन बदलता येत नसल्याने खनिजयुक्त जमिनीवर त्याची क्षमता आणखी घटते. समुद्रकिनाऱ्यावरील ओली खारट वाळू स्वतःच विद्युतवाहक असल्याने तेथे खोटे आवाज येतात. कोरड्या वाळूत ही अडचण नसते. वस्तूची खोली किंवा धातूचे नाव यंत्र सांगत नाही. ज्यांना खणण्यापूर्वी खात्री हवी असते, त्यांना हे यंत्र अपुरे वाटते.

जुन्या यंत्रांचे मोल

कंपनी बंद झाल्यावर आजीवन हमीचा आधार संपला. जुने यंत्र घेताना तबकडी व तिची तार तपासणे महत्त्वाचे ठरते, कारण कायम जोडलेली तार आतून तुटल्यास दुरुस्ती कठीण जाते. दांडा हलवताना येणारे अकारण आवाज हे अशा बिघाडाचे नेहमीचे लक्षण आहे.

यंत्राचे वय आणि शोधाचे मोल यांचा थेट संबंध नसतो, हे इंग्लंडमधील एका प्रसिद्ध शोधाने दिसून आले. २००९ मध्ये टेरी हर्बर्ट या हौशी शोधकाला एका शेतात स्टॅफर्डशायर निधी सापडला, तेव्हा त्याच्याजवळील धातुशोधक १४ वर्षे जुना होता. सुमारे ४ किलोग्रॅम सोने असलेल्या या अँग्लो-सॅक्सन निधीचे मूल्य ३२.८५ लाख पौंड ठरले आणि ती रक्कम हर्बर्ट व शेतमालक यांच्यात विभागली गेली. शोधाची माहिती वेळेवर कळवल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना त्या जागेचे रीतसर उत्खनन करता आले.

कायदेशीर बाजू

जमिनीतील वस्तूचे ऐतिहासिक मूल्य ती कोठे, किती खोल आणि कशाच्या सोबत होती यावरही ठरते. उकरून काढलेली वस्तू परत ठेवली तरी ही माहिती परत मिळत नाही. त्यामुळे बहुतेक देशांत या छंदावर बंधने आहेत. अमेरिकेत १९७९ च्या पुरातत्त्वीय संसाधन संरक्षण कायद्यानुसार संघराज्याच्या व मूलनिवासींच्या जमिनीवरून १०० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढता येत नाहीत. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या निधी कायद्यानुसार ठरावीक प्रकारचे शोध १४ दिवसांत कळवावे लागतात.

भारतात १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू असून जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांना १९५८ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण असल्याने महाराष्ट्रातील संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीविना खोदकाम करणे गुन्हा ठरतो. अमेरिकेतील उद्यानांत नाणी शोधण्यासाठी उपयोगी ठरलेले यंत्र भारतात वापरताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.