एक किलोमीटरची मेख

अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा १९५४ साली घटनाबाह्य ठरल्या. आपल्याकडे तशी पाटी कुणी लावत नाही. गल्ली, फी आणि माध्यम मिळून वाटणी करून टाकतात. छत्रपती संभाजीनगरात महापालिकेच्या मराठी आणि उर्दू शाळा वेगवेगळ्या, आणि सकाळी चौकातून जाणारी इंग्रजी शाळेची पिवळी बस तिसऱ्याच मुलांची.

ही मुलं एका बाकावर यावीत म्हणून शिक्षण हक्क कायद्यात (अंमल १ एप्रिल २०१०) खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा राखीव आहेत. अल्पसंख्याक शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाने त्यातून वगळलं. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बलांसाठी वर्षाला एक लाखाची मर्यादा. या जागांच्या सोडतीत नाव लागल्याचा मेसेज येतो, घरात पेढे वाटले जातात आणि मग कागदपत्रांशी गाठ पडते. भाडेकरूला नोंदणीकृत करार लागतो. एका खोलीच्या भाड्यासाठी कोणता घरमालक रजिस्ट्रारकडे जाणार?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. दाट वस्तीच्या शहरात या अटीमुळे सुटणाऱ्या शाळाच जास्त! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने उलटले होते.